मुलांच्या पैशांना निवडणुकीचा मुहूर्त नको

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की ग्रुपवर प्रश्न येतोच: "ज्युनिअर आयसामधले शेअर फंड विकून कॅशमध्ये ठेवू का?" स्पष्ट सांगते, नका ठेवू.

म्हणे अध्यक्षाच्या कारकिर्दीचं तिसरं वर्ष बाजाराला लाभतं. अहो, १९४८ ते २०२४ मध्ये निवडणुका झाल्या अवघ्या २०! एवढ्याशा नोंदींवर कुठलाही ऑडिटर सही करणार नाही. २००८ हेही निवडणुकीचंच वर्ष होतं, पण बाजार कोसळला तो गृहकर्जं आणि बँकांच्या संकटामुळे.

आपल्याकडचं बघा. ४ जून २०२४, मतमोजणीचा दिवस. सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंकांनी पडला आणि ७ जूनला विक्रमी पातळीवर बंद झाला. घाबरून विकलं त्यांनी तोटा तेवढा पक्का केला.

ज्युनिअर आयसातले पैसे मूल १८ वर्षांचं होईपर्यंत काढता येत नाहीत. म्हणजे तान्ह्या बाळाचं खातं चार-पाच अमेरिकी निवडणुका बघणारच. दर वेळी उड्या मारणार का?

हां, मूल सतरा वर्षांचं असेल, युनिव्हर्सिटीसाठी पैसे लागणार असतील, तर जरूर कॅशकडे वळा. पण मुलाचं वय बघून. व्हाइट हाऊसमध्ये कोण बसणार, ते बघून नाही.