जुना स्वस्त लॅपटॉप खरंच बाद झाला आहे का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट्स थांबवले. त्यामुळे लॅपटॉप बंद पडत नाही, पण नव्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१७ पर्यंतचे बहुतेक स्वस्त लॅपटॉप इथेच अडतात.

रोजचा रखडेपणा मात्र वेगळा. त्याला बऱ्याचदा प्रोसेसर नव्हे, तर मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क जबाबदार असते. तिच्या जागी साधी एसएसडी बसवली आणि रॅम ४ ची ८ जीबी केली, की तेच मशीन आणखी काही वर्षं चालतं. ३२ जीबीचं स्टोरेज मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असेल, तर पैसे घालू नका. टचपॅड वर उचलला गेलाय? बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जिंग लगेच थांबवा.

घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स घेता येतात. त्यानंतर मोफत लिनक्स आहेच. ब्राउझिंग, अभ्यास यांना ते पुरतं. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराची मात्र त्याने सोय होत नाही.