जाळं सांधतो, मग म्हाताऱ्यांचं घर का नाही?



जाळं फाटलं म्हणून आपण कोणी ते फेकून देत नाही. दुपारी झाडाखाली बसून सांधतो अन् संध्याकाळी परत पाण्यात टाकतो. पण ज्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्याला जाळं सांधायला शिकवलं, त्यांच्या घराचे कवेलू फुटले की आपण म्हणतो, "थांबा, सरकारचं घर येईल."

आपल्या तलमडुगु मंडलातल्या गावांत अजून मातीच्या भिंतीची, सागाच्या बल्ल्यांची, कवेलूची घरं आहेत. पोरं कामासाठी आदिलाबादला, हैदराबादला गेली. मागं म्हातारा-म्हातारी. मृगाच्या आधी वर चढून कवेलू फेरायला कोणी नाही, अन् माकडं तर वर्षभर नाचतात. एक कवेलू सरकला की पाणी बल्लीत मुरतं, बल्ली सडते, भिंत भिजते, अन् दोन-तीन पावसाळ्यांत भिंत बसते.

मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका मावशीची मागची भिंत अशीच रात्री बसली. मावशी पुढच्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली. तिचा नवरा जन्मभर आपल्यासारखाच मासे धरत होता. सुरुवातीला चार-पाच कवेलूच बदलायचे होते. अर्ध्या दिवसाचं काम. आम्ही सगळे तिच्या घरावरून रोज तलावाकडे जात होतो. मी पण जात होतो. कोणी वर पाहिलं नाही.

आता सरकारी घराचं पाहू. मार्च २०२४ मध्ये भद्राचलमला इंदिरम्मा इंड्लु योजना सुरू झाली. घराला ५ लाख रुपये, टप्प्याटप्प्यानं. ज्यांना मिळालं त्यांचं भलं झालं, त्यात वाद नाही. पण पहिला १ लाखाचा हप्ता पाया उभा राहिल्यावर येतो. तोवर खिशातून घालायचे. सरकारी पेन्शनवर जगणारी सत्तर वर्षांची एकटी बाई पाया कशी घालणार? मिस्त्री कोण पाहणार, रेती कोण आणणार? केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेतही पैसा नव्या घरालाच आहे, दुरुस्तीला नाही. जुन्या इंदिरा आवास योजनेत कच्चं घर सुधारायला १५,००० रुपये मिळायचे. २०१६ ला नवी योजना आली अन् ती सोय गेली.

त्यात अजून एक भीती. "घर नीट केलं तर यादीतून नाव कटेल." म्हणून लोक गळतं घर गळतंच ठेवतात. अरे बाबांनो, फुटके कवेलू बदलल्यानं मातीचं घर पक्कं होत नाही! वाट पाहायची तर कोरड्यात बसून पाहा.

दुरुस्ती म्हणजे छोटं काम, असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडे जी गावं पूर्ण पडली, ती सरकारनं नवी वसवली. पण तडे गेलेली, दुरुस्त होण्याजोगी घरं दोन लाखांच्या आसपास होती. तिथं मालकानंच आपलं घर नीट करायचं, सरकारनं पैसा अन् माहिती द्यायची, असं ठरलं. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. कोणाला हप्ता मिळाला, कोणाचं काम अडलं, मिस्त्री नीट करतो का, हे त्यांनी घरोघरी जाऊन पाहिलं. ते इंजिनिअरचं काम नव्हतं, लक्ष ठेवायचं काम होतं. ते आपल्या बायकांना जमणार नाही का?

अमेरिकेतही असंच घडलं. टेक्सासच्या मिडलँड गावात १९७३ साली शेजाऱ्यांनी एप्रिल महिन्यात एक दिवस काढून गरीब अन् म्हाताऱ्या लोकांची घरं दुरुस्त करायला सुरुवात केली. पुढं त्याची देशभर संस्था झाली. आपल्याकडे तर सावड अन् इर्जिक आजोबांच्या काळापासून आहे. आपण ती शेतापुरती ठेवली अन् मग तिथंही विसरलो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे.

एक, उन्हाळ्यातले मासे काढून झाले की मृगाच्या आधीचे चार दिवस घरांसाठी ठेवा. प्रत्येक घरातून एक माणूस.

दोन, विकलेल्या किलोमागे १ रुपया बाजूला. दहा टन मासा गेला तर १०,००० रुपये होतात. आमसभेत ठराव करून, उपविधीत बसवून, हिशेब सगळ्यांसमोर वाचून.

तीन, यादी बायकांनी करावी. एकटे राहणारे म्हातारे सभासद अन् सभासदांच्या विधवा आधी. संचालकांचे नातेवाईक शेवटी. यादी भिंतीवर लावा.

चार, ज्यांनी स्लॅब टाकला, त्यांच्या घरामागं जुने कवेलू ढिगानं पडून आहेत. ते द्या. ज्या होडीवाल्यांकडे गाडी आहे त्यांनी माती, बल्ल्या आणून द्याव्या. मातीच्या भिंतीला वरून सिमेंट फासू नका. आतला ओलावा कोंडतो अन् पापुद्रे निघतात. आधी छत, मग भिंत, मग मोरीजवळ धरायला एक मजबूत दांडा.

कोणी म्हणेल, सोसायटी माशांसाठी आहे, घरांसाठी नाही. १९९५ मध्ये जगभरच्या सहकारी संस्थांच्या संघानं सात तत्त्वं मान्य केली. सातवं तत्त्व म्हणजे आपल्या समाजाची काळजी. हे सोसायटीबाहेरचं काम नाही.

कोणी म्हणेल, त्यांचे पोरं काय करतात? खरं आहे, पोरांनी करायला पाहिजे. पोराला फोन लावा, चार शब्द सुनवा पण. पण पाऊस पोराची वाट पाहत नाही.

अन् सरकारकडे मागणं सोडायचं नाही. नव्या घरासोबत जुन्या घराच्या दुरुस्तीलाही पैसा द्या, हे ग्रामसभेत लिहून द्या. आपण चार घरं करून दाखवली तर आपल्या शब्दाला वजन येईल.

येत्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. तोवर एक करा. उद्या तलावावर जाताना वाटेतल्या म्हाताऱ्या माणसाच्या घराकडे एकदा मान वर करून पाहा.