बँकॉकला निघण्याआधीचे तीन दिवस

खताचे, सिमेंटचे, रंगाचे नाहीतर टायरचे डीलर असाल तर यंदाची स्कीम पूर्ण केल्यावर कंपनी कुठं नेणार, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, हुपरीचे चांदीवाले, कुणाच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बघा, वर्षातून एकदा बँकॉक-पट्टायाचे फोटो येतातच. आता तर घरचीही मंडळी निघायला लागली आहेत. थायलंडनं 10 नोव्हेंबर 2023 पासून आणि मलेशियानं त्याच वर्षीच्या 1 डिसेंबरपासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. जून 2025 पासून फिलिपिन्सनंही 14 दिवसांपर्यंतच्या सहलीला तो माफ केला. तेव्हापासून कट्ट्यावर एकच वाक्य: "व्हिसाबिसा काही लागत नाही, पासपोर्ट घे आणि चल."

व्हिसा लागत नाही हे खरं. पण नुसता पासपोर्ट पुरतो, हे खरं नाही.

तुम्ही कोण, कुठल्या विमानानं येताय, कुठं उतरणार आणि परत कधी जाणार, हे त्या देशाला निघण्याआधी ऑनलाइन कळवावं लागतं. थायलंडला पूर्वी विमानात जो कागद भरायला मिळायचा, त्याची जागा 1 मे 2025 पासून टीडीएसी या डिजिटल अरायव्हल कार्डानं घेतली. मलेशियाचं तसंच कार्ड एमडीएसी. ते 2024 सुरू झाल्यापासून सक्तीचं आहे. ही दोन्ही कार्डं म्हणजे नोंद. केनियाचं तसं नाही. मसाई माराला कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं: केनियानं जानेवारी 2024 मध्ये व्हिसा बंद केला आणि त्याच्या जागी ईटीए आणलं. नाव वेगळं असलं तरी अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि मंजुरीची वाट बघायची. मंजुरी हातात आल्याशिवाय घराबाहेर पडू नये, आणि ती एका रात्रीत येईल असं धरून चालू नये.

थायलंड आणि मलेशियाचं गणित मात्र उलटं आहे. तिथं लवकर भरून ठेवायची सोयच नाही, तिथं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच फॉर्म भरायचा असतो. म्हणून 'एजंटनं महिन्यापूर्वीच सगळं करून ठेवलंय' या भरवशावर राहू नका. त्यानं तिकीट आणि हॉटेल केलं असेल, हे कार्ड केलेलं नसणार. आणि कोल्हापूरकराचे हे तीन दिवस कसे जातात ते आपल्याला माहीत आहे. उजळाईवाडीहून परदेशी विमान नाही, म्हणजे मुंबई, पुणे नाहीतर गोवा गाठायचा. त्यातला एक दिवस महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये किंवा तावडे हॉटेलजवळून सुटणाऱ्या लक्झरीत गेला. दुसरा बॅगा भरण्यात आणि चटणी-भाकरी बांधण्यात. राहता राहिला एक. तोच धरा. घरी, जेवण झाल्यावर, पासपोर्ट समोर ठेवून, कॉम्प्युटर असेल तर त्याच्यावर. बस खंबाटकीत शिरल्यावर रेंज शोधत भरायचं हे काम नव्हे.

आता फॉर्म. तो इंग्रजीत असतो, पण अवघड नाही. चुका होतात त्या ठरावीक जागी.

पहिली जागा नावाची. आपल्याकडं पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत असतं. फॉर्मवर चौकोन तीन दिसतात आणि मग कुणी वडिलांचं नाव मधल्या चौकोनात घालतं, कुणी गाळतं. पासपोर्टवर दोन ओळी आहेत तशाच दोन चौकोनांत उतरवा आणि मधला सक्तीचा नसेल तर मोकळा सोडा. लग्नानंतर आधारवर नाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, असं अनेक घरांत असतं. इथं आधारला किंमत नाही, पासपोर्टवरचं माहेरचंच नाव लिहायचं, आणि तिकीटही त्याच नावाचं हवं. पासपोर्ट नंबरात पहिलं अक्षर आणि पुढं सात आकडे असतात. त्यामुळं पुढं जे गोल दिसेल ते शून्यच, 'ओ' नव्हे.

दुसरी जागा तारखेची. मुंबईहून तिकडची विमानं पुष्कळदा रात्री उशिरा सुटतात. तिकिटावर '14 तारीख, 00:35' असं छापलेलं असेल तर तुम्हाला विमानतळावर 13 च्या रात्री पोचायचं आहे. 14 च्या संध्याकाळी कोल्हापुरातून बस धरलीत तर विमान केव्हाच बँकॉकला उतरलेलं असेल. आणि 13 च्या रात्री अकराला सुटणारं विमान असलं तरी तिथं पोचायची तारीख 14 च. फॉर्म विचारतो ती पोचायची तारीख, निघायची नव्हे. तीन दिवस मोजायचे तेही तिच्यापासून मागं.

तिसरी जागा पत्त्याची. पट्टायाचं हॉटेल आहे, म्हणून थायलंडच्या फॉर्मवर प्रांतांच्या यादीत पट्टाया शोधत बसाल तर सापडणार नाही. पट्टाया चोनबुरी प्रांतात येतं. आधी तो निवडायचा, मग बांग लामुंग हा जिल्हा. फुकेत आणि क्राबी हे स्वतःच प्रांत आहेत, तिथं ही अडचण नाही. सहलीत तीन हॉटेलं असली तरी पहिल्या रात्रीचं लिहा. धंदा विचारतात तिथं शेती करत असाल तर शेतकरी लिहा, 'बिझनेस' लिहून मोठं व्हायची गरज नाही.

लहान मुलांचंही वेगळं कार्ड लागतं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. घरातल्या सगळ्यांचं एका बैठकीत भरता येतं. ईमेल मात्र तुमच्या मोबाइलवर उघडतो तोच द्या, कारण क्यूआर कोड त्यावरच येतो. तो एजंटच्या ईमेलवर गेला आणि त्याचा फोन लागला नाही तर तुम्ही रांगेत उभे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक प्रिंटही मारा, तिथं उतरल्यावर बॅटरी आणि नेट या दोन्हींचा भरवसा नसतो. थायलंडच्या कार्डावर नंतर विमान किंवा हॉटेल बदललं तर दुरुस्ती करता येते. नाव किंवा पासपोर्ट नंबर चुकला असेल तर सरळ नवा फॉर्म भरून टाका.

आणि पैसे? थायलंड, मलेशिया दोन्हीकडं शून्य. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण इथंच लोक फसतात. मोबाइलवर नाव टाकून शोधलंत की वर 'प्रायोजित' लिहिलेल्या दोन-चार साइट येतात. झेंडा तोच, रंग तेच, शेवटच्या पानावर डॉलरमध्ये फी मागतात. पासपोर्टची माहिती गेली आणि कार्डाचा नंबरही गेला. थायलंडच्या सरकारी साइटचा पत्ता 'डॉट जीओ डॉट टीएच'नं संपतो, मलेशियाचा 'डॉट जीओव्ही डॉट एमवाय'नं, केनियाचा 'डॉट जीओ डॉट केई'नं. शेवट जुळत नसेल तर पान बंद करा. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला सांगून कार्ड बंद करा. गल्लीतल्या इंटरनेट कॅफेवाल्यानं टाइप करून दिलं आणि शे-दोनशे घेतले तर ती त्याची मजुरी, त्यात गैर काही नाही. तेच पैसे तो 'सरकारी फी' म्हणून मागत असेल तर मात्र दुसरं दुकान बघा.

क्यूआर आला म्हणजे प्रवेश मिळाला, असं नाही. शिक्का मारायचा की नाही ते काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे तो मागू शकतो, आणि समाधान झालं नाही तर विमानतळावरूनच माघारी पाठवू शकतो. ग्रुप टूरमध्ये हे सगळे कागद टूर मॅनेजरच्या फाइलमध्ये असतात आणि तो रांगेत वीस माणसं पुढं असतो. तुमची प्रत तुमच्या खिशात हवी. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. ती आजच बघा. कमी असेल तर टूरचे पैसे भरण्याआधी कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरणाची तारीख घ्या.

तरुण पोरांच्या आई-बापांसाठी एक गोष्ट. व्हिसामाफी फिरण्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही. 'बँकॉकला ये, डेटा एन्ट्रीचं काम आहे, व्हिसा लागत नाही' असं सांगणारा माणूस तुमच्या पोराला थायलंडच्या माए सोतवरून सीमेपलीकडं म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यावर नेऊ शकतो. मार्च 2025 मध्ये अशा अड्ड्यांवरून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून परत आणावं लागलं. इराणनंही फेब्रुवारी 2024 मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला होता. नोकरीच्या आमिषानं नेऊन अपहरण केल्याचे प्रकार झाले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती सवलत थांबली. म्हणून मागच्या वर्षी मेहुणे जाऊन आले, यावर जाऊ नका. मुक्कामाचे दिवस, फी, फॉर्म सगळं बदलतं. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा त्या देशाच्या वकिलातीचं पान उघडून बघा.

ज्यांची लेकरं लंडनला किंवा टोरांटोला आहेत त्यांचा एक वेगळाच घोळ होतो. तिकडच्या ईटीएची बातमी वाचून 'आता आपल्यालाही ऑनलाइन भरलं की झालं' असं वाटतं. ब्रिटनचं आणि कॅनडाचं ईटीए ज्यांना तिथं व्हिसाच लागत नाही त्यांच्यासाठी आहे, अमेरिकेचं ईएसटीएही तसंच. अमेरिकन पासपोर्टवरच्या नातवाला लंडनला जायला ते चालेल. भारतीय पासपोर्टवरच्या आजीला रीतसर व्हिसा काढावा लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

नेपाळचं मात्र सोपं आहे. ना व्हिसा, ना पासपोर्टची सक्ती. पण विमानानं पशुपतिनाथाला निघालेल्या 15 ते 65 वयाच्या भाविकांनी आधार कार्डावर जाऊ नये, तिथं ते चालत नाही. पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र घ्या, आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळवून बघा.