अकरावीच्या उंबरठ्यावर अडवलेली मराठी

खोपटच्या एस. टी. आगारातील एक वाहक मुलीचा अकरावीचा अर्ज भरत होते. मुलीला दहावीत सर्वांत जास्त गुण मराठीत. पण दुसऱ्या भाषेच्या रकान्यात त्यांनी ‘माहिती तंत्रज्ञान’ लिहिले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “कॉलेजात सांगितलं, सायन्सला सगळे तेच घेतात.”

याला निवड म्हणायचे काय?

1975 साली महाराष्ट्रात अकरावी-बारावीचा नवा टप्पा सुरू झाला. तेथे इंग्रजी अनिवार्य आहे. मराठी मात्र वैकल्पिक, आणि तिच्या जागी भाषाच नसलेला विषयही चालतो. 2020 चा मराठी सक्तीचा कायदा दहावीपाशी थांबतो. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. 2025 मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध महाराष्ट्र उठला आणि 29 जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. पण अकरावीच्या वर्गातून मराठी निघून जाते, तेव्हा मोर्चा निघत नाही.

सक्ती लोकशाहीविरोधी आहे, असे काही विद्वान सांगतात. इंग्रजीच्या सक्तीबद्दल त्यांचे मौन का? विद्यार्थी घटले की तासिका घटतात, तासिका घटल्या की शिक्षकाचे पद धोक्यात येते. पद गेले की पुढच्या मुलांना पर्यायच उरत नाही. संगणकशिक्षणाला आमचा विरोध नाही. त्याला स्वतंत्र स्थान द्या. भाषेच्या खुर्चीत त्याला बसवू नका.

प्रश्न वर्गीय आहे. संपन्न घरात पुस्तकांची कपाटे असतात. कामगाराच्या मुलीला कथा, कविता, वैचारिक निबंध शिक्षकासमोर बसून वाचण्याची, त्यांवर वाद घालण्याची जागा वर्गातच मिळते. सोळाव्या वर्षी ती जागा काढून घ्यायची आणि अठराव्या वर्षी सुजाण मतदानाची अपेक्षा करायची, हा दांभिकपणा आहे.

ही मागणी संकुचित अस्मितेची नव्हे. ठाणे-उल्हासनगरातील सिंधी, गुजराती, उर्दू, हिंदी भाषक मुलांनाही आपापल्या भाषेचे साहित्य वाचण्याचा हाच हक्क आहे. साने गुरुजींच्या आंतरभारतीचा अर्थ याहून वेगळा नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन विचारावे : विज्ञान-वाणिज्य शाखांत मराठीच्या तुकड्या किती? शिक्षक किती? आणि ती उत्तरे हाती घेऊन एकच मागणी लावून धरावी : 2020 चा कायदा बारावीपर्यंत न्या. त्या वाहकाच्या मुलीला तिची भाषा परत मिळाली पाहिजे.