होय, चांभारचौकशाच!

‘नसत्या चांभारचौकशा करू नकोस’ हे वाक्य मी लहानपणी आईकडून ऐकलं, शाळेत बाईंकडून ऐकलं आणि मोठा झाल्यावर ऑफिसच्या ग्रुपवर स्वतः टाकलं. त्यात एक अख्खी जात बसली आहे, हे कधी कानाला खटकलं नाही. २०२५च्या मे महिन्यात मनमाडला एका माणसाने मला शब्दशः चांभारचौकशा केल्या. तेव्हापासून हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. तो तुमच्याही तोंडून निघू नये, म्हणून हा लेख. पण नुसता शब्द बदलून भागणार नाही, हेही आधीच सांगतो. शब्द बदलणं फुकट असतं. मला तुमच्या खिशाशी बोलायचंय.

माझे वडील मनमाडच्या रेल्वे कारखान्यात होते, जिथे पुलांचे गर्डर बनतात. ड्युटीचे बूट वेगळे. पण त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला घोट्यापर्यंतचा एक काळा जोड होता, लग्नाकार्यात आणि युनियनच्या सभेला घालायचा. ते गेल्यावर तो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला. सहा वर्षांनी मी तो पुण्याला घेऊन आलो. चामडं पापडासारखं झालं होतं. चवड्याजवळ, जिथे पाय वाकतो तिथे, बारीक भेगा.

मग मी तेच केलं जे तुम्ही केलं असतं. व्हिडिओ पाहिले. हातमोजे घातलेला कुणीतरी परदेशी माणूस, मागे मंद संगीत, एखादा मेलेला बूट वीस मिनिटांत जिवंत. खाली कमेंटांत सगळे भारावलेले. मी नऊशे रुपयांची कंडिशनरची डबी आणि साडेचारशेचा घोड्याच्या केसांचा ब्रश मागवला. एका रात्रीत तीन हात दिले. थोडं चांगलं, तर जास्त अजून चांगलं, असा हिशोब. सकाळी बूट लिबलिबीत, चिकट आणि ठिपक्याठिपक्यांनी काळपट झाला होता. भेगा होत्या तिथेच होत्या, आता त्यांत धूळही बसायला लागली.

पुढच्या सुट्टीत तो मनमाडला नेला. स्टेशन रोडला एक काका बसतात. सरकारी भाषेत ते ‘गटई कामगार’. पुढ्यात रापी, आरी, मेण लावलेला दोरा, पॉलिशच्या डब्या, मागे टायरचे तुकडे. मी बूट पुढे केला आणि म्हणालो, ‘किती होतील?’

त्यांनी पैशाचं काही सांगितलंच नाही. विचारायला लागले. किती वर्षं पडून होते? कशात गुंडाळले होते? प्लास्टिकमध्ये तर नाही ना? पाण्यात गेले होते का कधी? तू घालणार की नुसते ठेवणार? रोज की कधीतरी? हे वरून काय लावलंस? किती वेळा? मधे वाळू दिलं का? मग अंगठ्याने चामडं दाबून पाहिलं, वास घेतला, बूट वाकवून भेग किती खोल जाते ते पाहिलं. शेवटी म्हणाले, ‘चामड्याला तेल चाटवायचं असतं. पाजायचं नसतं.’

डॉक्टरने इतके प्रश्न विचारले असते तर मी घरी येऊन सांगितलं असतं, ‘फार बारकाईने तपासतात.’ चांभाराने विचारले की त्या चौकशा.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचून ताडून पाहिलं, आणि ते बरोबर निघालं. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटतेय. माझ्या डबीवरचा मजकूर मी ताडून पाहिला नव्हता. असो. कातडं म्हणजे तंतूंची दाट गुंफण. पूर्वी बाभळीची साल, हिरडा घालून ते कमवायचे, आता बहुतेक ठिकाणी क्रोमियमचे क्षार वापरतात. कमावलं की ते सडत नाही. पण त्यात तेल-चरबीही मुरवावी लागते, नाहीतर सुकताना तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाकवलं की मोडतात. वर्षानुवर्षं बूट पडून राहिला की ही स्निग्धता कमी होते. कंडिशनर ती परत देतो. बस, एवढंच. तो मळ काढत नाही आणि मोडलेला तंतू जोडत नाही. भेग पडली की ती पडली. नंतर फक्त आतून आधार देता येतो, वरून झाकता येते.

म्हणून पद्धत साधी आहे. नाडी काढा, ब्रशने धूळ झाडा, ओलसर फडक्याने मळ पुसा. सावलीत पूर्ण सुकू द्या. उन्हात नाही, गॅसजवळ तर नाहीच. आत कागदाचे बोळे भरा, म्हणजे आकार राहतो. मग बोटाला लागेल एवढंच कंडिशनर घेऊन पातळ हात द्या, रात्रभर ठेवा, सकाळी उरलेलं पुसा आणि मग पॉलिश. स्वयंपाकघरातलं गोडेतेल लावू नका, ते कालांतराने खवट होतं आणि चिकट थर धरतं. सोफ्यालाही हेच, फक्त आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून रंग बदलतो का ते पाहा. आणि हे सगळं भेग पडायच्या आधी.

आधी वस्तू चामड्याचीच आहे ना, हेही पाहा. माझ्या बहिणीने हप्त्यांवर ‘लेदर’ सोफा घेतला. चार वर्षांत त्याची पापडी सुटायला लागली, मुलांच्या कपड्यांना काळे कपटे चिकटायचे. मी काकांना फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, ‘हे रेक्झिन आहे. पैसे घालू नका.’ बरोबर होतं. कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. दमटपणा, घाम, उष्णता यांनी तो थर तुटतो. त्याला तेल पाजा नाहीतर अमृत, मुरायला खाली तंतूच नाहीत. ‘पीयू लेदर’, ‘लेदरेट’ आणि पुष्कळदा ‘व्हीगन लेदर’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक करून हेच प्लास्टिक. दुकानातल्या टाय लावलेल्या माणसाने ते चामडं म्हणून विकलं. रस्त्यावरच्या माणसाने येणारे पैसे नाकारून खरं सांगितलं. आणि घासाघीस आपण कोणाशी करतो?

तर माझ्या बुटांकडे येतो. काकांनी ते दोन दिवस ठेवून घेतले. जास्तीचं तेल पुसून काढलं, पावडर टाकून ते शोषून घेतलं, भेगेच्या मागे आतून पातळ चामड्याचा तुकडा लावला, तळाची उसवलेली शिवण मेणाच्या दोऱ्याने पुन्हा घातली, पॉलिश केलं. दीडशे रुपये सांगितले.

मी म्हणालो, ‘शंभर घ्या ना.’

विचार करून नाही म्हणालो. शिंक यावी तसं आलं ते. खिशात पैसे होते, काम आवडलं होतं, बूट हातात घेऊन माझा गळा दाटून आला होता, आणि तरी ते वाक्य तोंडातून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ‘द्या’ म्हणाले आणि पुढची चप्पल हातात घेतली. बूट बिघडवण्यासाठी मी साडेतेराशे रुपये एका बटणावर भरले होते. सुधारण्याचे दीडशे मला जास्त वाटले.

हा पन्नास रुपयांचा मामला नाही. आपण मॉलमध्ये घासाघीस करत नाही, कॅफेत करत नाही, ॲपवर तर करताच येत नाही. आपण घासाघीस करतो ती जमिनीवर बसलेल्या माणसाशी. त्याच्या हातातल्या कामाला ज्ञान मानायचं नाही, हे आपण भाषेतूनच शिकून आलोय. चांभाराच्या देवाला खेटराची पूजा. पायातली वहाण पायातच बरी. याच माणसाच्या पूर्वजांनी ज्या मोटा सांधल्या, त्या मोटांच्या पाण्यावर गावाचे मळे पिकले, आणि त्याच गावात विहिरीला शिवायची त्यांना बंदी होती. कातडं कमावणारा ढोर आणि ते शिवणारा चांभार, यांच्या हाताला ‘वास येतो’. तेच कातडं काचेच्या शोकेसमध्ये गेलं की त्या वासाला ‘अस्सल लेदरचा सुगंध’ म्हणतात. आणि एक गंमत सांगतो. बुटांसाठी जे नावाजलेलं ‘नीट्सफूट ऑइल’ आहे, ते मुळात गुराढोरांच्या पायाच्या हाडांतून काढतात. जिच्या घरी चांभाराकडून आल्यावर हात धुवायला लावायचे, ती पिढीही आता ते ऑनलाइन मागवते. इंग्रजी लेबल लागलं की विटाळ उतरतो.

मनमाडकरांनी तरी हे विसरू नये. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला याच गावात जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी तिथे सांगितलं. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सगळ्या वर्गांत असू शकते, हेही सांगितलं. रेल्वेत अस्पृश्य माणूस आयुष्यभर गँगमनच का राहतो, त्याला पोर्टर का करत नाहीत, याचं कारण त्यांनी दिलं होतं: पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातही राबावं लागतं, आणि तिथे त्याचा हात चालत नाही. कौशल्याचा प्रश्नच नव्हता. हात कोणाचा, हा प्रश्न होता. माझ्या नऊशेच्या डबीतही तोच प्रश्न आहे. व्हिडिओतला हातमोजेवाला ‘रिस्टोरेशन आर्टिस्ट’. मनमाडचा हात तेच काम करतो आणि ‘चांभार’ ही शिवी राहते.

माझ्या त्या शंभर रुपयांनंतर महिन्याभरात, जून २०२५ मध्ये, मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या आणि सुरुवातीला नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं. महाराष्ट्र पेटला. मीही स्टोरी टाकली. कोल्हापुरीला २०१९ साली जीआय मानांकन मिळालंय, आमचा वारसा चोरला, वगैरे. राग खरा होता. पण ज्यांच्या हातांनी तो वारसा टिकला त्यांना आपण किती दिले, हे कोणी स्टोरीत टाकलं नाही. इटलीवाल्यांनी नाव दिलं नाही. आपण नाव दिलं, आणि त्या नावाची शिवी केली.

आता तुमचे आक्षेप. पहिला: ‘ते लोक पण वाटेल ते सांगतात.’ सांगत असतील. प्लंबर सांगत नाही? मोबाइल दुरुस्तीवाला? आपल्यातले सॉफ्टवेअरवाले क्लायंटला सांगत नाहीत? भाव पटला नाही तर उठून जा. पण काम करून घेऊन, बूट हातात धरून भाव पाडणं ही घासाघीस नाही. समोरचा नाही म्हणू शकणार नाही, हे माहीत असल्याची मस्ती आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझ्या एका दलित मित्राने घेतला. तो म्हणाला, ‘तू आमच्या गुलामीला कारागिरी म्हणून सजवतोयस. आम्ही यातून बाहेर पडायला तीन पिढ्या घालवल्या.’ त्याचं म्हणणं मला मान्य आहे. काकांची मुलगी फार्मसी शिकतेय. तिने आरी हातात धरावी असं काकांना वाटत नाही आणि मलाही वाटता कामा नये. परंपरा जपायची जबाबदारी तिच्यावर टाकणारा मी कोण? माझं म्हणणं उलट आहे. हे काम जातीत अडकलंय म्हणूनच स्वस्त आहे. चेन्नईत १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, तिथे चामड्यावर संशोधन करणारा शास्त्रज्ञ असतो. मग चामडं दुरुस्त करणारा नुसता ‘गटई’ का? ज्याला शिकायचंय त्याने शिकावं, कोणत्याही घरातल्या मुलाने किंवा मुलीने. ज्याला सोडायचंय त्याने सोडावं. आणि जो आज करतोय त्याला पूर्ण दाम मिळावा. सरकार गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देतं, चांगलं आहे. पण पत्रा सावली देतो, दर देत नाही. दर आपण देतो.

म्हणून तीनच गोष्टी. कामाआधी भाव विचारा आणि सांगितलेला पूर्ण द्या. वस्तू मरायच्या आधी आणा, म्हणजे दुरुस्ती खरीच टिकते आणि नवीन प्लास्टिक विकत घ्यावं लागत नाही. आणि तुम्हाला कोणी बारकाईने चार प्रश्न विचारले, तर त्याला हिणवायला कोणाची जात वापरू नका.

दिवाळीत मनमाडला गेलो तेव्हा काकांसमोर उभा राहून पन्नास रुपये पुढे केले. त्यांना मी आठवत नव्हतो. ‘कशाचे?’ म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी पैसे घेतले, खिशात घातले. मग खाली माझ्या पायांकडे पाहिलं आणि त्यांना बूट आठवले.

‘शिवण धरली का? पावसात घातले होते? नंतर सावलीतच सुकवले ना?’

मी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं.