कुऱ्हाड नसलेला माणूस

भातकापणी सुरू होण्यापूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क शेतकरी सायंकाळच्या प्रार्थनेनंतर आमच्याकडे आले, छत्री दाराशी टेकवून ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "फादर, इंग्रजीत चार ओळी लिहून द्यायच्या आहेत. सोयरीक पुढे न्यायची नाही म्हणून कळवायचे आहे."

त्यांच्या कन्येसाठी सिकंदराबादकडचे स्थळ आले होते, हे आम्हांस ठाऊक होते. मुलाची चौकशी करावी म्हणून त्यांनी तिकडच्या एका निवृत्त शिक्षकांना लिहिले होते. हे वृद्ध गृहस्थ मराठी घरातले, घरात मराठीच बोलणारे. परंतु सारा जन्म इंग्रजी शाळेत गेल्यामुळे लेखणी हाती घेतली की इंग्रजीच उतरते. त्यांचे उत्तर आले होते. घरातील दहावीत शिकणाऱ्या पुतण्याने शब्दकोश समोर ठेवून ते वाचून दाखविले आणि त्या वाचनावर घरात निकाल झाला.

"काका, झाले तरी काय?" आम्ही विचारले.

"आम्हांला सांगितले होते, मुलगा कारखान्यात आहे. पत्रात लिहिले आहे, दळणाच्या दुकानात आहे. आणि पत्र लिहिणारा म्हणतो, माझ्याकडे धार लावायला कुऱ्हाडसुद्धा नाही. सोयरिकीच्या पत्रात स्वतःच्या कुऱ्हाडीचे रडगाणे गाणाऱ्या माणसाच्या शब्दावर काय भरवसा ठेवायचा?"

आम्ही पत्र घेऊन दिव्याखाली वाचले. एकच इंग्रजी क्रियापद त्यात तीनदा आले होते, आणि तिन्ही वेळी त्याने त्या बिचाऱ्या पुतण्याला दगा दिला होता. आज त्या क्रियापदाविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते. त्या कुटुंबाच्या अनुमतीनेच लिहीत आहोत. आपल्या घरोघरी इंग्रजीतून पत्रे, करारपत्रे, बँकेचे कागद येत असतात, आणि ते वाचून दाखविण्याचे काम बहुधा अशाच एखाद्या शाळकरी पुतण्याकडे असते.

ते क्रियापद म्हणजे 'ग्राइंड'. शाळेत त्याचा अर्थ 'दळणे' असा शिकवितात, आणि तो खोटा नाही. शब्द फार जुना आहे. प्राचीन इंग्रजीत तो 'ग्रिंडन' असा होता. दळावयाच्या धान्याला इंग्रजीत 'ग्रिस्ट' म्हणतात, तेही याच मुळाचे. परंतु इंग्रज मनुष्य कुऱ्हाडीचे पाते शाणेवर धरतो तेव्हाही 'ग्राइंड'च करतो. मिरी कुटायची, कॉफीचे भाजलेले दाणे बारीक करायचे, चष्म्याचे भिंग घासून घडवायचे, झोपेत करकर दात खायचे, या सर्वांस त्याला हे एकच क्रियापद पुरते.

आपल्या मराठीची रीत निराळी आहे. जात्यातून पीठ पडले तर आपण दळतो, कण्या पडल्या तर भरडतो. पाट्यावर ओले खोबरे वाटतो, तान्ह्या बाळासाठी सहाणेवर जायफळ उगाळतो, विळ्याला धार लावतो किंवा तो पाजळतो. 'पाट्यावर खोबरे दळले' असे कोणी म्हणाले तर घरातल्या लहान मुलीदेखील हसतील. हाती काय आले ते पाहून आपण शब्द निवडतो. इंग्रजी भाषा मात्र इथे केवळ क्रिया पाहते. दोन कठीण वस्तू एकमेकींवर दाबून घासल्या, एवढे तिला पुरे. मग त्यातून पीठ निघो की धार. आमच्या मते मराठी गृहिणीचे हे शब्दभांडार इंग्रजीहून काकणभर सरस आहे. पण ते असो.

दुसरी खोच याच्या भूतकाळात आहे. 'ग्राइंड'चे रूप होते 'ग्राउंड', आणि 'ग्राउंड' म्हणजे जमीन हे तर क्रिकेट खेळणारे प्रत्येक पोर जाणते. दोन्ही शब्दांचा उच्चार एक, अक्षरे एक, नाते मात्र काही नाही. तांदळाच्या पिठाला इंग्रजीत 'ग्राउंड राइस' म्हणतात ते दळण्यावरून; भुईमुगाला 'ग्राउंडनट' म्हणतात ते भुईवरून. आमच्या एका विद्यार्थ्याने 'ग्राउंडनट' म्हणजे दाण्याचे कूट असे लिहिले होते, तेव्हा आम्ही त्याला अर्धा गुण दिला होता.

वाक्प्रचारही पुष्कळ आहेत. रोजच्या रहाटगाडग्याला इंग्रज 'रोजचे दळण' म्हणतो; आपणही तेच ते बोलणाऱ्याला 'दळण दळतो' म्हणतोच. आयर्लंडमध्ये खाजगी शिकवणीला 'ग्राइंड्स' असे नाव आहे, आणि शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे चेहरे पाहिले की ते पटते. यंत्र करकरत बंद पडले तरी हेच क्रियापद. या सर्वांकडे आज वळत नाही, कारण काका आमच्यासमोर उभे होते आणि त्यांना कुऱ्हाडीचा उलगडा हवा होता.

'मला धार लावायची कुऱ्हाड नाही' या वाक्प्रचाराच्या प्रसाराचे श्रेय चार्ल्स मायनर या अमेरिकन वृत्तपत्रकाराच्या एका कथेला देतात. ही कथा त्याने 1810 साली लिहिली. थंडीच्या दिवसांत एक माणूस खांद्यावर कुऱ्हाड टाकून एका लहान मुलाकडे येतो. तुझ्या बापाकडे शाणेचे चाक आहे का, असे गोड हसून विचारतो. किती गुणी, किती हुशार मुलगा, असे म्हणत त्याच्याकडून गरम पाणी आणवितो आणि शेवटी त्यालाच चाक फिरवायला लावतो. स्तुतीने फुगलेले पोर फिरवू लागते. कुऱ्हाड नवीकोरी, धार काही लवकर येत नाही. शाळेची घंटा होते, हातांना फोड येतात, तरी सुटका नाही. अखेर पाते चकाकू लागते, आणि तोच माणूस मुलावर खेकसतो: शाळा बुडवतोस काय रे लबाडा, पळ! त्या मुलाला पुढे जन्मभर कोणी उगाच गोड बोलताना दिसला की वाटे, याला कुठली तरी कुऱ्हाड पाजळून घ्यायची असणार.

ही कथा पुष्कळ लोक बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर खपवितात. मायनरच्या लेखसंग्रहाचे नाव फ्रँकलिनच्या प्रसिद्ध पंचांगाच्या नावाशी मिळतेजुळते असल्याने हा घोटाळा झाला. शिवाय फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातही एक कुऱ्हाड आहेच! तीत एक माणूस लोहाराला म्हणतो, मला धारेप्रमाणे सगळे पाते लखलखीत करून हवे. लोहार म्हणतो, करतो, पण चाक तू फिरव. तो पाते दाबून धरतो, चाक जड होते, आणि थोड्याच वेळात घामाघूम झालेला माणूस म्हणतो, राहू दे, मला डागाळलेलीच आवडते. शाणेचे चाक फिरविणे हे किती कष्टाचे काम असते, हे दोन्ही कथाकारांस चांगले ठाऊक असावे.

तेव्हा मला धार लावायची कुऱ्हाड नाही, म्हणजे या प्रकरणात माझा स्वार्थ नाही. आपल्या भाषेत, मला माझ्या पोळीवर तूप ओढून घ्यायचे नाही. एवढे सांगताच काका मोठ्याने हसले आणि बाकावर बसले.

दळणाच्या दुकानाचाही उलगडा झाला. पत्रात 'ग्राइंडिंग शॉप' असे होते. बाजारात 'शॉप' म्हणजे दुकान, परंतु कारखान्यात 'शॉप' म्हणजे विभाग. यंत्रांची पाती, छिद्र पाडायची हत्यारे फिरत्या चाकावर घासून त्यांना धार आणि माप द्यायचे, असा तो विभाग. हे चाक पूर्वी नुसत्या दगडाचे असे; पुढे कुरुंदाचे आणि 1891 साली अ‍ॅचेसन या अमेरिकन संशोधकाने तयार केलेल्या कार्बोरंडमचेही होऊ लागले. कुरुंदाला इंग्रजीत 'कोरंडम' म्हणतात. तो शब्द आपल्याच देशातून, तमिळमधून तिकडे गेला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवून हे काम करावे लागते. अडाण्याचे हे काम नव्हे, असे आम्ही सांगितले तेव्हा काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे मध्यस्थ खोटे बोलला नाही," ते म्हणाले. "आणि वर थोडी जमीनही आहे म्हणे. तिच्यावर कर्ज आहे, पण कर्ज कोणाच्या जमिनीवर नसते?"

आता तिसरे वाक्य आम्हांस सांगणे भाग होते.

जमीन नव्हतीच. 'ग्राउंड डाउन' असे शब्द पत्रात होते. वडिलांच्या दीर्घ आजारानंतर हे कुटुंब कर्जाखाली भरडून निघाले आहे, असे त्या शिक्षकांनी लिहिले होते. पुतण्याने 'ग्राउंड' पाहिले आणि जमीन वाचली. हा अर्थ इंग्रजीत नवा नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात देव आपल्या लोकांच्या वडीलधाऱ्यांना आणि सरदारांना जाब विचारतो की, तुम्ही गरिबांचे चेहरे का भरडता? मूळ हिब्रूत जात्यावर धान्य दळण्याचेच क्रियापद आहे, आणि 1611 च्या इंग्रजी बायबलात तसेच आमच्या कॅथॉलिक डुए बायबलात तेथे 'ग्राइंड' हेच आले आहे. आपणही दुष्काळात माणसे भरडली गेली असे म्हणतो. या एका जागी दोन्ही भाषा अगदी शेजारी येऊन बसतात.

काका पुष्कळ वेळ बोलले नाहीत. आम्हांसही मौन सोडवेना. कुऱ्हाडीचा उलगडा करताना आम्ही जरा अधिकच रंगलो होतो, याची खंत वाटू लागली.

"म्हणजे जमीन नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही, काका."

"आणि ज्याला यात काही मिळवायचे नाही तो माणूस हे लिहितो आहे. म्हणजे खरे असणार." त्यांनी पत्राची घडी घातली. "नकाराचे पत्र आज नको. मुलीला विचारतो."

दोन दिवसांनी बापलेक दोघेही आली. मुलीने तीन प्रश्न पाटीवर लिहावेत तसे मनात मांडून आणले होते. कर्ज बँकेचे की सावकाराचे? फेडायचे किती उरले? आणि आपल्या घरची ही स्थिती पत्रातून कळविली आहे, हे मुलाला ठाऊक आहे काय? तिसरा प्रश्न तिने खाली पाहून विचारला, पण विचारला. या वेळी आम्ही पत्र मराठीत लिहिले, आणि उत्तरही कृपा करून मराठीतच द्यावे असे कळविले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. अक्षर लहान मुलासारखे, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, पण शब्दकोशाची गरज कोणालाच पडली नाही. कर्ज पतपेढीचे आहे. निम्म्याहून अधिक फिटले आहे. उरलेल्याचे हप्ते मुलगा आपल्या पगारातून भरतो. आणि ते वाक्य लिहा, लपवू नका, असे त्यानेच त्यांना सांगितले होते.

हे पत्र सध्या मुलीपाशी आहे. लग्न अद्याप ठरलेले नाही, आणि कोणी घाईही करीत नाही. नाताळानंतर मुलगा स्वतः भेटायला येणार आहे. घरातले बोथट कोयते, विळे बाजूला काढून ठेवा, मी धार लावून देईन, असा निरोप त्याने पाठविला आहे.