फुकटचे सरपण आणि महागाचा गॅस

एका नात्यातल्या लग्नाच्या निमित्ताने आम्ही नुकतेच मराठवाड्यातल्या एका खेड्यात तीन दिवस मुक्कामाला होतो. घर साधेच. पुढे पत्र्याची खोली, मागे परस. परसात मातीची चूल आणि आत ओट्यावर गॅसची शेगडी. चुलीशेजारी तुराट्यांचा आणि बाभळीच्या फाट्यांचा ढीग रचलेला, तर शेगडीवर स्वच्छ धुतलेला फडका पांघरलेला. आम्ही सहज विचारले, "गॅस संपला काय?" घरची सून हसून म्हणाली, "संपला नाही मामा, संपू नये म्हणून झाकून ठेवलाय."

तेवढ्यावरून सासूसुनेची जुंपली. सासूबाईंचे म्हणणे असे की, रानात फुकटचे सरपण पडलेले असताना साडेआठशे रुपये जाळायचे कशाला? सून म्हणाली, "फुकटचं कसं, आत्याबाई? सकाळी सहाला गेले ते नऊला मोळी घेऊन आले. मान अजून अवघडलीय." घरातली पुरुष मंडळी चहाची वाट बघत गप्प बसून होती. आम्हीही पुरुषच, पण आमच्या डोक्यात हिशेबाचा किडा वळवळला. लाकडात उष्णता किती, गॅसमध्ये किती, आणि त्यातली भांड्याला लागते किती? हे एकदा मांडून पाहिले तर भांडण मिटेल असे आम्हाला वाटले. तोच हिशेब आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी माप समजून घेऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. दोन लिटर पाणी पंचवीस अंशांवरून शंभर अंशांवर, म्हणजे उकळीला आणायचे तर १५० किलोकॅलरी पाहिजेत. पातेल्याखाली लाकूड असो, गोवरी असो की गॅस असो, हा आकडा बदलत नाही.

आता लाकूड. अगदी हाडासारख्या कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४,४०० किलोकॅलरी उष्णता असते. पण असे लाकूड आपल्या घरी कधीच नसते. चांगले उन्हात वाळवलेल्या सरपणातही शंभरात वीस भाग पाणी राहतेच. ते पाणी आधी वाफ होऊन जाते आणि आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. म्हणून वाळक्या सरपणाच्या किलोला सुमारे ३,४०० किलोकॅलरी धराव्यात. लाकूड ओले असेल, निम्मे पाणी असेल, तर हाच आकडा १,९०० पर्यंत घसरतो. पावसाळ्यात चूल का रडवते याचे उत्तर इथे आहे. ओल्या लाकडाची निम्मी ताकद गेलेली असते, आणि वर धूर दुप्पट.

आणि गॅस? आपल्या सिलिंडरातला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाब देऊन ते पातळ केलेले असते. थंड देशांत घरोघरी नुसते प्रोपेन वापरतात, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास पातळच राहते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होऊ शकते. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून मिश्रण चालते. उष्णतेच्या बाबतीत दोघे जवळजवळ सारखे. एका किलोला सुमारे ११,००० किलोकॅलरी.

म्हणजे किलोला किलो तोलले तर गॅस वाळक्या लाकडाच्या सव्वातीनपट. सासूबाईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग काय मोठं? तीन किलो लाकूड जाळीन." येथेच बहुतेकांची फसगत होते. चुलीत जळते ते सगळे भांड्याला लागत नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीत आच चहूबाजूंनी निघून जाते, वारा ती पळवतो, चुलीची माती आणि दगड तापतात. शिवाय धूर म्हणजे काय? न जळलेले सरपणच ते. मोजून पाहणाऱ्यांना अशा चुलीत शंभरातले दहा ते पंधरा भागच भांड्याला पोचताना आढळले आहेत. आपण चुलीची बाजू घेऊन पंधरा धरू. गॅसच्या शेगडीला आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे शंभरातले किमान ६८ भाग भांड्याला पोचवावे लागतात. घरात बर्नर काजळलेले असतात, पातेले लहान असते, म्हणून आपण ६५ धरू.

आता खरा हिशेब असा. एक किलो वाळके लाकूड चुलीत जाळले तर भांड्याला ५१० किलोकॅलरी लागतात. एक किलो गॅस जाळला तर ७,१५०. म्हणजे फरक तिपटीचा नाही, चौदापटीचा आहे. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. त्याच्या बरोबरीला उघड्या चुलीत वाळके सरपण किती लागेल? दोनशे किलो. जुन्या मापाने सुमारे पाच मण. ओले असेल तर साडेतीनशे किलोंच्या वर.

सुनेने सकाळी आणलेली मोळी आम्ही शेजारच्या दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिली. वीस किलोंच्या थोडी वर भरली. म्हणजे एका सिलिंडराबरोबर दहा मोळ्या. एका मोळीला तीन तास धरले तर तीस तास. आठ तासांच्या रोजाने पावणेचार दिवस. १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या दराने हे कष्ट ११७० रुपयांचे होतात. आणि ८ एप्रिल २०२५ ला गॅसचा भाव वाढला तेव्हा मुंबईत सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला. तोडणे, मोळी बांधणे, डोक्यावर वाहणे, फोडणे, फुंकणी घालून डोळे लाल करणे, काजळलेली भांडी राखेने घासणे, यातले फक्त वाहून आणण्यापुरतेच आम्ही मोजले आहे.

आम्ही कागदावर हे सारे मांडून दाखवले. सासूबाईंनी आकडे नीट ऐकून घेतले. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "मग आम्ही चाळीस वर्षं मोळ्या वाहिल्या, त्याचे पैसे कुणाकडं मागायचे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकहो, भांडणाचे मूळ येथे आहे. सासूबाई चूक बोलत नव्हत्या. त्यांच्या मुलाच्या खिशातून सिलिंडरचे पैसे एकदम जातात, ते डोळ्यांना दिसतात. सुनेचे तीस तास कुणाच्या खिशातून जात नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत. आणखी एक गोष्ट खरी आहे. ते तीस तास वाचले म्हणून गावात लगेच रोजाचे काम मिळतेच असे नाही. ज्या घरात महिनाअखेर दोनशे रुपये शिल्लक नसतात, तिथे एकरकमी साडेआठशे आणायचे कुठून? लाकूड मोळीमोळीने येते. गॅस एकदम विकत घ्यावा लागतो. गरिबाला महाग पडते ते असे. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि लाखो घरांत शेगडी पोचली, ही चांगली गोष्ट झाली. पण शेगडी पोचणे वेगळे आणि दुसरे, तिसरे, चौथे सिलिंडर भरून आणणे वेगळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५८.६ टक्के घरेच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरताना आढळली. बाकीच्या घरांत अजून धूर आहे.

आणि धूर ही साधी गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मेली. दमा-खोकल्याचे जुनाट दुखणे, हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग आणि लहान मुलांचा न्यूमोनिया, ही त्याची कारणे. चुलीपाशी सर्वांत जास्त वेळ कोण बसते, आणि तिच्या मांडीवर कोण असते, हे आम्ही सांगायला नको. कुठल्याही भावाच्या पाटीवर ही किंमत लिहिलेली नसते.

मग करायचे काय? आमच्या मते प्रत्येक घराने आपला हिशेब आपणच तपासावा. आम्ही लिहिले म्हणून मानू नये.

लाकूड विकत घेणाऱ्यांसाठी एक सोपा आडाखा आहे. सिलिंडरच्या पावतीवरचा भाव घ्या आणि त्याला दोनशेने भागा. ८५२ ला सव्वाचार रुपये येतात. तुमच्या वखारीत किलोला यापेक्षा जास्त भाव असेल, तर उघड्या चुलीत जाळलेले लाकूड गॅसपेक्षा महाग पडते. उज्ज्वलाच्या सिलिंडरवर ३०० रुपये सूट मिळत असेल तर ती वजा करून भागा; मग पावणेतीन रुपयांनाही लाकूड परवडत नाही. भाव बदलतील, आडाखा बदलणार नाही.

एकदम पैसे जमत नाहीत त्यांनी पाच किलोंच्या लहान सिलिंडरची चौकशी वितरकाकडे करावी. तेवढ्या गॅसचे काम करायला सत्तर किलो लाकूड लागते. मोठेच सिलिंडर असेल तर रोज तीस रुपये डब्यात टाकले की महिन्याला भरते. चहा-तंबाखूचे तीस रुपये कुठून निघतात ते ज्याचे त्याला ठाऊक.

सिलिंडर लवकर का संपते, याचेही उत्तर हिशेबात आहे. थंडीत पंधरा लिटरची एक बादली पंचवीस अंशांनी तापवायला ३७५ किलोकॅलरी लागतात. म्हणजे ५२ ग्रॅम गॅस. पाच माणसांच्या पाच बादल्या रोज तापवल्या तर महिन्याला जवळजवळ आठ किलो गॅस आंघोळीतच जातो. अर्ध्याहून अधिक सिलिंडर! डाळभाताला, भाकरीला उरते ते बाकीचे. म्हणून आंघोळीचे पाणी गॅसवर तापवू नये. उघड्या परसात बंब पेटवावा. बंबात जाळ मधल्या नळीत असतो आणि भोवती पाणी, त्यामुळे उघड्या चुलीइतकी आच वाया जात नाही. नाहीतर पत्र्यावर काळा रंग दिलेला पाण्याचा ड्रम ठेवावा, तो दुपारपर्यंत ऊन फुकट देतो. हे फुकट मात्र खरोखरचे फुकट.

ज्यांना चुलीशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. सरपण मनगटापेक्षा जाड ठेवू नये, फोडून उन्हात वाळवावे आणि पावसाच्या आधी छपराखाली रचावे. चूल दारात किंवा परसात, मोकळ्या हवेत मांडावी. जमल्यास सुधारित चूल घ्यावी. तिच्यात शंभरातले पंचवीस भाग जरी भांड्याला पोचले, तरी दोनशे किलोंचे काम एकशेवीस किलोंत होते. म्हणजे दहाच्या जागी सहा मोळ्या.

आणि शेगडी असो की चूल, डाळ, हरभरा, मटकी आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की आच कमी करावी. उकळी आल्यावर आच कितीही वाढवली तरी पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. नुसती वाफ उडते आणि पैसा उडतो. सिलिंडर घेताना त्यावर लिहिलेले रिकाम्या टाकीचे वजन वाचावे, त्यात १४.२ मिळवावे आणि दारातच तोलून मागावे. तो तुमचा हक्क आहे. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, टाकीची चावी बंद करावी आणि १९०६ ला फोन करावा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो.

चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, असे सासूबाई म्हणाल्या. ते आम्हाला मान्य आहे. निखाऱ्याच्या आरावर भाकरी जशी फुगते तशी शेगडीवर फुगत नाही. गॅसवरच्या अन्नाने पोटात गॅस होतो, हे मात्र आम्हाला मान्य नाही. तो गॅस पोटात जात नाही, पातेल्याखाली जळून जातो.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही परसात गेलो तर सुनेने चुलीवर आंघोळीचे पाणी ठेवले होते आणि आत शेगडीवर डाळ शिजत होती. शेगडीवरचा फडका खुंटीला टांगलेला. सरपणाच्या ढिगापाशी मोळीची दोरी घेऊन घरचा मुलगा उभा होता. सासूबाई त्याला म्हणत होत्या, "आजची मोळी तू आण. वजन कळू दे."